नारायण वामन टिळक : पुनरुत्थानाची एक जीवनकथा

ख्रिस्ती वर्षातील सणांत ईस्टरचे स्थान पहिले आहे. लोकव्यवहारात नाताळाचा बोलबाला अधिक असला, तरी ख्रिस्ती उपासनेची घडण ज्या घटनेभोवती झाली, ती मरणानंतरच्या उठण्याची घटना होय. प्रारंभीच्या शतकांत नवदीक्षितांना बाप्तिस्मा देण्याचा प्रमुख काळ ईस्टरची रात्र हाच मानला जाई. पाण्यात उतरणे म्हणजे जुन्या माणसाने मरणे आणि पाण्यातून वर येणे म्हणजे नव्या माणसाने उठणे, असा संबंध पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जोडला आहे. म्हणून ईस्टर हा एका जुन्या घटनेचा स्मरणदिन असून शिवाय प्रत्येक श्रद्धावंताला वर्षानुवर्षे येणारे नव्या आरंभाचे आमंत्रणही आहे.

भारतीय मनाला नव्या जन्माची कल्पना अपरिचित नाही. मुंजीने ब्राह्मणाचा मुलगा द्विज होतो. पुनर्जन्माच्या सिद्धान्तानुसार जीव एक देह टाकून दुसरा धारण करतो. परंतु पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यांत मूलभूत भेद आहे. पुनर्जन्मात देह बदलतो, नाव बदलते, मागील आयुष्याची आठवण सामान्यतः उरत नाही. शुभवर्तमानांतील ख्रिस्त त्याच देहाने उठतो आणि त्या देहावर खिळ्यांचे व भाल्याचे वण कायम असतात. थोमा ह्या शिष्याची शंका फिटते तीही त्या वणांमुळेच. पुनरुत्थानात मागचे काही पुसले जात नाही. नवे जीवन जुन्या जखमांसह सुरू होते.

हा भेद केवळ धर्मशास्त्राचा नाही. धर्मांतर केलेल्या लेखकाचे जीवन व वाङ्मय समजून घेताना तो कळीचा ठरतो. अशा लेखकाने मागचे सारे टाकून दिले असे एक पक्ष म्हणतो. तो मनाने मुळी बदललाच नव्हता असे दुसरा म्हणतो. मराठीत फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे नारायण वामन टिळक यांच्याविषयी हे दोन्ही पक्ष मांडले गेले आहेत. त्यांच्या चरित्राकडे पाहता दोन्ही अपुरे वाटतात.

१

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई मायाळू व भक्तिप्रवण होत्या. वडील वामनराव स्वभावाने तापट होते. नारायण लहान असतानाच आईचे छत्र हरपले. त्यानंतर वडिलांशी त्यांचे जमले नाही आणि कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडून नाशिकची वाट धरली. त्यांच्या आयुष्यातील हा पहिला नवा आरंभ होता. तो त्यांनी आपखुशीने केला नव्हता, आईच्या मृत्यूने तो त्यांच्यावर लादला होता. पुढे शिकाऱ्याच्या हातून घायाळ होऊनही पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीवर त्यांनी जी कविता लिहिली, ती मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्यातील करुणेचा उगम ह्या बालपणात असावा, असे मानण्यास पुरेसे कारण आहे.

नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांना संस्कृतचे अध्ययन करता आले. काही काळ इंग्रजी शाळाही झाली. परंतु भावंडांची जबाबदारी अंगावर आल्याने ती लवकरच सुटली. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील, अवघी अकरा-बारा वर्षांची. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. माहेरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक तिने पाहिलेला होता आणि अक्षरओळख तिला जवळजवळ नव्हती.

संसार सुरू झाला, पण स्थिर झाला नाही. शिक्षकी, कीर्तन, पुराण, छापखान्यातील काम अशा नाना उद्योगांत टिळक गावोगाव फिरत राहिले. एखादी नोकरी मिळावी, काही महिने चालावी, आणि एके दिवशी तिच्यावर पाणी सोडून त्यांनी चालू लागावे, असे वारंवार घडे. लक्ष्मीबाईंनी उत्तरायुष्यात लिहिलेल्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात ह्या भटकंतीचे जे चित्र आहे, ते हसवता हसवता वाचकाला अस्वस्थ करते. टिळक उदार होते, निष्कपट होते, आणि घरच्या माणसांना त्यांच्या उदारपणाची झळ सोसावी लागे. प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावयाची, परंतु आतील मनुष्य तोच राहावयाचा, असा हा काळ होता.

२

ह्या अस्थिरतेच्या मुळाशी एक धार्मिक शोध होता. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना ग्रंथांच्या सहवासात राहता आले आणि धर्मविषयक वाचन व लेखन वाढले. जातिभेदाने समाजाचे तुकडे झाले आहेत आणि देशाची उन्नती धार्मिक नवजीवनावाचून होणार नाही, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला. रूढ आचार त्यांना पटेना, आणि सुधारकांची केवळ बौद्धिक मांडणी पुरेशी वाटेना. स्वतःच एक नवा धर्म स्थापावा असेही त्यांनी मनाशी योजले. ईश्वर हा सर्वांचा पिता आणि माणसे परस्परांची भावंडे, ही त्या कल्पित धर्माची मुख्य तत्त्वे होती. पुनर्जन्माला त्यात स्थान नव्हते. आराखडा तयार होता, परंतु त्यात प्राण नव्हता.

अशा मनःस्थितीत १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका पाश्चात्त्य मिशनऱ्याशी गाठ पडली. दोघांचे बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू होऊन धर्मापर्यंत गेले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते. ते त्यांनी पाळले. सुरुवातीची पाने काहीशा कंटाळ्याने उलटल्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. ज्या तत्त्वांची जुळवाजुळव आपण करीत होतो, ती येथे एका जिवंत व्यक्तीच्या रूपाने उभी आहेत, असा त्यांना अनुभव आला. ह्यानंतरची दोन वर्षे आंतरिक झगड्यात गेली. ख्रिस्ती नियतकालिकाशी त्यांनी गुप्तपणे पत्रव्यवहार केला. स्वप्नांनी व शंकांनी ते ग्रासले गेले. भोवतालची माणसे संशयाने पाहू लागली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो एका भारतीय पाळकाच्या हातूनच व्हावा असा त्यांचा आग्रह होता, आणि तसाच तो झाला. ही गोष्ट लहान दिसली तरी तिच्यात पुढील सारे चरित्र बीजरूपाने आहे. नवा धर्म स्वीकारताना ते परकेपण स्वीकारीत नव्हते.

३

त्या वर्षी ईस्टर १४ एप्रिलला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बरोबर नऊ आठवड्यांनी आला. टिळकांचा ख्रिस्ती म्हणून तो पहिला ईस्टर. ज्याला ते नवे जीवन म्हणत होते, त्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली होती. पतीने धर्म सोडला ही वार्ता त्यांना दूर, माहेरच्या माणसांत असताना कळली. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला हा आघात वैधव्यापेक्षाही बिकट होता. पती जिवंत, पण त्याच्या घरी जाणे अशक्य. कपाळी कुंकू, पण संसार नाही. मांडीवर १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू. त्यांनी जीव देण्याचाही विचार केला होता. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले आणि काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. तेथे विरहाच्या दुःखात त्यांच्या मुखातून काव्य उमटू लागले. ज्या स्त्रीला पतीने मोठ्या खटपटीने वाचावयास शिकवले होते, ती त्याच्या वियोगात कवयित्री झाली.

ईस्टरच्या कथेत शुक्रवार आणि रविवार यांच्या मध्ये एक शनिवार आहे. त्या दिवशी काहीच घडत नाही. कबरीवर धोंड असते आणि मागे राहिलेली माणसे वाट पाहत असतात, नेमके कशाची हे त्यांनाही ठाऊक नसते. टिळक पतिपत्नींच्या ताटातुटीची सुमारे साडेचार वर्षे ही अशीच होती. टिळक पत्रे लिहीत राहिले. दुसरा विवाह करण्याची मोकळीक कायद्याने मिळू शकली असती, परंतु त्यांनी तो मार्ग पत्करला नाही, आणि बळाने पत्नीला नेण्याचाही अट्टहास केला नाही.

शेवटी लक्ष्मीबाई आपण होऊन अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे निराळे. टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली, आणि त्यांच्या स्वभावाचा उतावीळपणा लक्षात घेता ह्या संयमाचे मोल मोठे आहे. जातिभेद माणसाने केलेला आहे, ईश्वराने नाही, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे त्यांनी ठरवले ते बाप्तिस्म्याच्या आधीच. १९०० मध्ये त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. तो छप्पनच्या भीषण दुष्काळाचा काळ होता. मिशनच्या आवारात अनाथ मुले येत होती आणि टिळकांच्या घरीही अनेक पोरकी मुले वाढली.

टिळकांचे पुनरुज्जीवन १८९५ मध्ये सुरू झाले असले तरी ते पुरे झाले ते ह्या पाच वर्षांनंतर, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. एका माणसाने केलेल्या नव्या आरंभाची किंमत दुसऱ्याने भरलेली असते. ती मान्य केल्याशिवाय तो आरंभ केवळ पळून जाणे ठरतो. आणि पळून जाण्याची सवय टिळकांना पूर्वीपासून होती. ह्या वेळी ते थांबले, हा खरा फरक होय.

४

अहमदनगर येथे टिळक मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत शिकवीत, प्रवचने देत, लिहीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' ह्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आले व मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

त्यांच्या आगमनापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायली जाणारी गीते बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चाली परक्या, शब्दांची ओढाताण झालेली, आणि प्रतिमाही दुसऱ्याच हवामानातल्या. युरोपात ईस्टर वितळत्या बर्फाबरोबर आणि पहिल्या हिरवळीबरोबर येतो. तेथील गीतांत नवजीवनाची उपमा त्या ऋतूवरून सहज सुचते. नगरच्या पठारावर हाच सण चैत्र-वैशाखाच्या रखरखीत उन्हात येतो. नद्या आटलेल्या, रान करपलेले. आणि तशातच झाडांना चैत्रपालवी फुटलेली. पाऊस येण्यास अजून दोन महिने अवकाश असताना कोरड्या फांदीला येणारी ही कोवळी पाने मरणातून उठण्याचे दृश्य कदाचित अधिक नेमकेपणाने दाखवतात. ज्या भक्ताच्या डोळ्यांसमोर हे दृश्य आहे, त्याला बर्फाची उपमा उसनी आणून देण्यात काही अर्थ नव्हता.

टिळकांनी ही उसनवारी थांबवली. अभंग, ओवी, पद, आरती हे रचनाप्रकार आणि भजन-कीर्तनाची पद्धत त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. लहानपणी ऐकलेली कीर्तने, स्वतः केलेली पुराणे, शास्त्रीबुवांजवळ मिळालेले संस्कृत, हे सारे त्यांच्या पदांत उतरले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची शंभरांहून अधिक पदे समाविष्ट आहेत, आणि पंथभेद बाजूस सारून ती गायली जातात. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते मानीत. ज्ञानदेव-तुकारामांचे साहित्य त्यांना टाकून देण्याचे गाठोडे वाटले नाही. हिंदी ख्रिस्ती माणसासाठी तो आपल्या घरचा जुना करारच आहे, अशी त्यांची धारणा होती. १९१५ च्या सुमारापासून त्यांनी विपुल अभंगरचना केली. तिचा संग्रह 'अभंगांजली' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील ख्रिस्त प्राचीन इतिहासातील व्यक्ती म्हणून येत नाही. विठ्ठल जसा वारकऱ्याशी बोलतो, रुसतो, सोबत चालतो, तसा तो कवीच्या निकट आहे. पुनरुत्थानाचा सिद्धान्त भक्तिकाव्याच्या भाषेत आला की त्याचे रूप असे होते. जो उठला आहे त्याच्याशी आज बोलता येते, हे गृहीत धरूनच हे अभंग लिहिलेले आहेत.

ख्रिस्ती मंडळीबाहेरील मराठी कवितेतही त्यांचे स्थान स्वतंत्र आहे. 'वनवासी फूल' ह्या दीर्घकाव्यात त्यांनी संसाराचा त्याग श्रेष्ठ की लोकांत राहून केलेली सेवा श्रेष्ठ, हा प्रश्न रानातल्या एका फुलाशी झालेल्या संवादातून मांडला. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळालेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना त्यांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंच्या आठवणींतून ह्या तरुण कवीचे जिव्हाळ्याचे चित्र मराठी वाचकांना मिळाले आहे. ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली सापडून मरण पावले, तेव्हा टिळकांना पोटचा मुलगा गेल्याचे दुःख झाले.

५

मानाचे पद, नियमित वेतन, स्थिर घर, सर्वत्र आदर, एवढे सारे मिळाल्यावर मनुष्य सहसा थांबतो. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या वेतनाचा राजीनामा दिला आणि ते साताऱ्यास जाऊन राहिले. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा नोकर म्हणून ख्रिस्ताविषयी बोलणारा मनुष्य आपल्या देशबांधवांच्या दृष्टीने परकाच राहतो, ही बोच त्यांना अनेक वर्षे होती. एका संन्याशाप्रमाणे मोकळे व्हावे आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे एक कुटुंब उभारावे, ह्या हेतूने त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही शिष्य मानणे अनेक ख्रिस्ती सहकाऱ्यांना रुचले नाही. पण ज्याने स्वतः अडीच तपांपूर्वी नव्हे, तर बावीस वर्षांपूर्वी सर्व काही गमावून बाप्तिस्मा घेतला होता, त्यानेच हा विचार मांडावा, ह्यात बाप्तिस्म्याचे अवमूल्यन नव्हते. दाराशी थबकलेल्या माणसाला किती वेळ लागतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात, निराळ्या मांडलेल्या चुलीजवळ पाहिले होते.

दरबाराला रूप येण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. प्रकृती खालावत गेली आणि उपचारासाठी त्यांना मुंबईस आणावे लागले. १९१९ चा ईस्टर २० एप्रिलला होता. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले. देहाच्या पुनरुत्थानाची आशा बाळगणारे ख्रिस्ती लोक त्या काळी मृतदेहाचे दफनच करीत. टिळकांच्या इच्छेप्रमाणे मात्र त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेऊन तेथे पुरण्यात आल्या. पूर्वजांचा अग्नी आणि नव्या श्रद्धेची माती, दोन्ही त्यांनी आपल्या अखेरच्या संस्कारात ठेवली. जो मेलेल्यांतून उठवू शकतो त्याला राखेचा अडथळा होणार नाही, हा विश्वास त्यामागे दिसतो.

६

टिळकांचे एक काम अर्धवट राहिले होते. ओवीवृत्तात ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले होते. मृत्यूपर्यंत त्याचे आरंभीचे अध्यायच झाले. सतराव्या शतकात फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' लिहून घातलेल्या पायंड्याला अर्वाचीन मराठीत जोड देण्याची ही आकांक्षा होती. पुढील काम लक्ष्मीबाईंनी उचलले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या स्त्रीने, वार्धक्याकडे झुकलेल्या वयात, पतीच्या थोड्या अध्यायांपुढे साठांहून अधिक अध्याय रचले. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागली होती आणि तिने मराठी आत्मचरित्राला एक नवे परिमाण दिले.

'ख्रिस्तायना'चा हा इतिहास टिळकांच्या जीवनाचा अर्थ एरवीपेक्षा अधिक स्पष्ट करतो. ख्रिस्तजन्माच्या कथेचा आरंभ कवीने केला. क्रूसाकडे आणि रिकाम्या कबरीकडे जाणारी लांब वाट ओव्यांतून चालण्याचे काम त्याच्या पत्नीकडे आले. १८९५ मध्ये पतीच्या नव्या जीवनाने जिला मरणप्राय केले होते, तिने त्या जीवनाचे काव्य पुरे केले. शुभवर्तमानांतही उठलेल्या ख्रिस्ताची वार्ता प्रथम आणतात त्या स्त्रियाच, आणि आरंभी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

टिळकांच्या चरित्रात नवे आरंभ अनेक आहेत. त्यांतील पहिले बरेचसे मागचे दार लावून घेऊन केलेले होते आणि ते टिकले नाहीत. टिकले ते ज्यांत मागचे सोबत आले: आईची आठवण, तुकारामाचा अभंग, पत्नीचा नकार आणि तिचा उशिरा आलेला होकार. त्यांच्या कवितेकडे केवळ धर्मांतरिताची कविता म्हणून किंवा केवळ संतपरंपरेचा एक फाटा म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाला हे सोबत आलेले सामान बाजूला ठेवता येणार नाही. वणांसह उठलेल्या ख्रिस्तावर ज्याची श्रद्धा होती, त्या कवीने आपले वण लपवले नाहीत. त्याच्या घरच्या माणसाने ते लिहूनही ठेवले.